नवें यंत्र कीं नवी तार?

गेल्या पालक-सभेंत आमच्या विज्ञान-मंडळासाठीं नवा रेडिओ-स्कॅनर घ्यावा असें ठरलें, वर्गणीहि जमली, आणि पुढें दोन महिन्यांनीं ती वर्गणी आम्हीं ज्याची त्यास परत केली. या गोष्टीचा कांहीं पालकांस राग आला आहे व कांहीं विद्यार्थ्यांस अद्याप हळहळ वाटते, हें आम्ही जाणून आहों. प्रत्येकास तोंडीं खुलासा करणें शक्य नाहीं. म्हणून या वार्षिकाच्या पानांचा आश्रय घेऊन आमचें म्हणणें एकदां सविस्तर मांडीत आहों. त्यांत आमच्या स्वतःच्या चुकीची कबुली आहे, ती आधीं देतों.

ज्यांनीं तें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगावयास हवेत. घरच्या रेडिओवर आपण एक केंद्र लावतों व तेंच ऐकतों. स्कॅनर हा हातांत मावणारा असा रेडिओ आहे कीं जो अनेक कंपनसंख्यांवरून आपोआप धांवत जातो आणि जेथें कोणी बोलत असेल तेथें थांबतो. आमच्यापाशीं हौशी रेडिओचा सरकारी परवाना आहे. मंडळाचा जुना स्कॅनर त्याच कामासाठीं आमच्या ताब्यांत असतो व आमच्या समक्षच वापरला जातो.

जुलै २०२५ मध्यें भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असतांना हौशी रेडिओच्या द्वारें आपल्या देशांतील विद्यार्थ्यांशीं बोलले. त्यांपैकीं एक संभाषण बंगळूरच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशीं व्हावयाचें होतें. स्थानकावरून येणारा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर असतो, आणि स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जात असल्यामुळें जें बंगळूरास ऐकूं येतें तें आमच्या कोल्हापूर जिल्ह्यांतहि ऐकूं यावयास हरकत नसते. आम्हीं नववीचा वर्ग तळमजल्यावरील विज्ञान-खोलींत बसविला, स्कॅनर मेजावर आडवा ठेवला, आणि शेजारच्या वर्गांतील चाचणीस खरखरीचा उपद्रव होऊं नये म्हणून स्क्वेल्चची कळ चांगली घट्ट पिळली. दहा मिनिटें गेलीं. यंत्रांतून श्वासाइतकाहि आवाज निघाला नाहीं. बेचाळीस मुलें आमच्या तोंडाकडे पाहूं लागलीं, आणि आम्ही विचार न करितां बोलून गेलों, "आपलें यंत्र दुबळें आहे."

शिक्षकाचें वाक्य मुलें घरीं जशाचें तसें नेतात. पंधरा दिवसांत पालक-सभा भरली, आणि आम्हीं न मागतां ११,४०० रुपये जमले. इचलकरंजीस यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पालकांनीं त्यांत ५०० रुपये घातले. "सर, पोरांना ऐकूं आलं पाहिजे," एवढेंच ते म्हणाले. आम्हीं पावती फाडली.

सप्टेंबरांत शाळेची सहल पन्हाळ्यास गेली. तेंच जुनें यंत्र आम्हीं सहज पिशवींत टाकलें होतें. तटावर उभें राहून तें सुरू केलें, तों सांगलीकडील एका हौशी मित्राचें बोलणें इतकें स्वच्छ ऐकूं आलें कीं जणूं ते बुरुजाच्या पलीकडे उभे आहेत. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. नववींतील एका मुलीनें मात्र टाळी वाजविली नाहीं. तिनें विचारलें, "सर, यंत्र तर तेंच आहे ना?"

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर होतें, पण तें उत्तर दोन महिने उशिरां आठवलें, हीच आमची लाजेची गोष्ट.

व्ही. एच. एफ. म्हणून ज्या लहरी ओळखल्या जातात त्यांची कंपनसंख्या ३० पासून ३०० मेगाहर्ट्झपर्यंत व लांबी १० मीटरपासून १ मीटरपर्यंत असते. आपल्या घरचा एफ. एम. रेडिओ याच पट्ट्यांत वाजतो. पूर्वीं खेड्यांतील रेडिओवर विलायतेचीं भाषणें ऐकूं येत तीं लघुलहरींमुळें; त्या आकाशांतील विद्युन्मय थरावर आपटून पुन्हां भूमीवर येतात. व्ही. एच. एफ. लहरी बहुधा तो थर भेदून निघून जातात, आणि भूमीवर जवळजवळ दृष्टीच्या रेषेंतच चालतात. म्हणून ऐकणारा किती उंचावर आहे यास येथें सर्वांत अधिक महत्त्व. हिशेब सोपा आहे. उंची मीटरांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास ४.१ नें गुणावें. येईल तो आंकडा म्हणजे त्या उंचीवरून लहरींचें क्षितिज किती किलोमीटरांवर आहे तें. मैदानांत छातीशीं, म्हणजे दीड मीटरावर, यंत्र धरलें तर ५ किलोमीटर. शाळेच्या गच्चीवरील १२ मीटरांवर १४. पन्हाळा भोंवतालच्या सपाटीहून सुमारे ४०० मीटर उंच आहे, तेथून ८२. बोलणाऱ्याचें एरियलहि उंच असेल तर त्याचें क्षितिज यांत मिळवावें. कोणत्या दुकानांत कोणत्या किंमतीचें यंत्र घेतलें असतां ५ चे ८२ होतील, हें आम्हांस कोणी सांगावें!

अंतराळ स्थानक तर डोक्यावरून जातें, त्यास पन्हाळा कशाला, असें चाणाक्ष विद्यार्थी विचारील. खरें आहे. तेथें अडचण उंचीची नव्हती, आडोशाची होती. सिमेंटच्या भिंती, त्यांतील लोखंडी सळया आणि वरचे दोन मजले यांच्या पोटांत आम्ही बसलों होतों. पत्र्याच्या घराची अवस्था तर याहून वाईट. निदान अंगणांत तरी जावयास हवें होतें.

दुसरा दोष एरियलचा. हल्लींचीं मुलें त्यास अँटेना म्हणतात. यंत्राबरोबर जी रबरी शेंडी येते ती खिशांत मावावी म्हणून आंत तार गुंडाळून आंखूड केलेली असते. सोयीसाठीं तिनें ग्रहणशक्तीचा बराच त्याग केलेला असतो. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी दोन मीटरांहून किंचित् अधिक. तिच्या चतुर्थांशाहून किंचित् आंखूड, म्हणजे सुमारें ४९ सेंटिमीटर, सरळ तार लावतांच त्याच यंत्रास जणूं दुसरा कान फुटतो. शिवाय एरियलच्या बैठकीच्या बाहेरील धातूस तेवढीच दुसरी तार जोडून ती खालीं लोंबती सोडावी. एकट्या उभ्या तारेस दुसऱ्या अंगाची जोड लागते, व ती न मिळाल्यास धरणाऱ्याच्या हातावरच काम भागवावें लागतें. भूमीवरील हौशी लोकांचीं हातांतलीं व मोटारींतलीं एरियलें बहुधा उभीं असतात, म्हणून ऐकणाऱ्यानेंहि आपलें उभेंच धरावें. आम्हीं तें मेजावर आडवें निजविलें होतें! स्थानकाची गोष्ट थोडी निराळी. तें नेमकें माथ्यावर आलें म्हणजे उभ्या तारेच्या टोंकाच्या दिशेस येतें, आणि टोंकाच्या दिशेनें तार जवळजवळ बहिरी असते. त्या वेळीं यंत्र हळूहळू तिरपें करीत, आवाज कोठें भरतो तें पाहावें लागतें. हें पुस्तकांत वाचून येत नाहीं, मनगटास कळावें लागतें.

तिसरा दोष सर्वस्वीं आमचाच. स्क्वेल्च म्हणजे यंत्राच्या दारावरील पहारेकरी. ठराविक जोराहून दुबळा आवाज आला कीं तो त्यास बाहेरच थांबवितो. कळ सैल करीत न्यावी, खरखर सुरू झाली म्हणजे केवळ ती बंद होईल इतकीच परत फिरवावी, आणि फार दूरचा आवाज अपेक्षित असेल तर पहारेकऱ्यास रजा देऊन खरखर सोसावी. होरेब डोंगरावरील एलीया संदेष्ट्याची गोष्ट आम्हीं सकाळच्या उपासनेंत कितीदां सांगितली असेल! वादळ, भूकंप आणि अग्नि होऊन गेल्यावर जी मंद वाणी आली तिच्याविषयीं आम्ही मुलांना सांगतों, आणि मेजावरील यंत्राचें दार मात्र आपल्याच हातानें लावून बसतों.

पन्हाळ्याहून परतल्यावर मंडळानें चार शनिवार प्रयोग केले. विद्युत्कामाच्या उरलेल्या तांब्याच्या तारेचें एक एरियल केलें: मधोमध एक उभी तार, व तिच्या पायाशीं खालीं तिरप्या झुकलेल्या चार तारा. बांबूवर बांधून तें गच्चीवर चढविलें. सामानास व केबलीस मिळून ८६० रुपये लागले. केबल आम्हीं प्रथम हौसेनें लांबलचक घेतली. पण सामान्य जातीच्या बारीक केबलींत या लहरींची सुमारें अर्धी शक्ति पंधराएक मीटरांतच जिरते, म्हणून शेवटीं ती कापून आंखूड केली आणि ऐकणारेच गच्चीवर गेलों. संगणक, एल. ई. डी. दिवे आणि भ्रमणध्वनीचे स्वस्त चार्जर हे बारीक गोंगाट सोडीत असतात. ते बंद केल्यावर दुबळे आवाज वर आले. एके दिवशीं तर उलटाच अनुभव आला. मोठ्या एरियलनें जवळच्या एफ. एम. केंद्राचा लोंढा इतका आंत आणला कीं जेथें कोणी नसावें तेथें चित्रपटाचें गाणें वाजूं लागलें. तेव्हां यंत्रावरील जोर कमी करणारी कळ दाबावी लागली. चांगलें ऐकूं येण्यासाठीं कधीं कधीं कमी घ्यावें लागतें, याचें मुलांस मोठें हंसूं आलें.

पुढें एका सायंकाळीं स्थानकावरून येणारे चित्रसंकेत आम्ही याच एरियलवर ऐकले. स्थानक येत असतां कंपनसंख्या सुमारें साडेतीन किलोहर्ट्झनें वर भासते व जात असतां तितकीच खालीं. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा जो नियम, तोच हा. चित्राच्या वरच्या अर्ध्या भागांत पट्टेच पट्टे होते. मुलांनीं तें तसेंच छापून फळ्याशेजारीं लावलें आहे.

महाग यंत्रांत कांहींच गुण नसतो असें आम्ही म्हणत नाहीं. वर सांगितलेला लोंढा तें अधिक चांगलें आवरतें, जवळजवळचीं दोन केंद्रें अधिक नीट वेगळीं करितें. जो विद्यार्थी जुन्या यंत्राची मर्यादा स्वतः मोजून दाखवील त्याच्यासाठीं नवें मागावयास आम्ही स्वतः पालकांच्या दारीं येऊं. पण मर्यादा न मोजतां पैसा ओतणें हें अज्ञान विकत घेण्यासारखें आहे. सर जगदीशचंद्र बोस हे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत शिकले, व फादर लाफाँ या जेझुइट शिक्षकांच्या प्रयोगांनीं त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लागली. १८९५ सालीं बोसांनीं कलकत्त्यांत भिंतीआडून बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. त्यांच्या लहरी आमच्याहून फार आंखूड, मिलिमीटरांत मोजण्याच्या. पण त्यांचीं उपकरणें विलायती दुकानांतून आलेलीं नव्हतीं, तीं त्यांनीं आपल्या देखरेखीखालीं येथील कारागिराकडून करवून घेतलीं होतीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. "सर, पोलिसांचें ऐकूं या का?" असें मुलें विचारतात. नाहीं. आपल्या देशांत बिनतारी यंत्र बाळगण्यास व वापरण्यास सरकारी नियम आहेत, आणि दुसऱ्यांसाठीं असलेले संदेश चोरून ऐकणें हा गुन्हा ठरूं शकतो. गुन्हा नसता तरी शेजाऱ्याच्या दारास कान लावणें सभ्य गृहस्थास शोभत नाहीं. हौशी लोकांचें बोलणें व स्थानकाचे संकेत हीं सर्वांसाठीं खुलीं असतात. मंडळ तेवढेंच ऐकतें. कोणत्याहि पालकानें मुलाच्या हट्टास्तव असें यंत्र बाजारांतून परस्पर आणूं नये. घरीं सराव करावयाचा असेल तर साधा एफ. एम. रेडिओ पुरे, दूरचें, अस्पष्ट केंद्र खिडकींत कोठें व कसें स्पष्ट होतें हें पाहण्यांत एक सुटी आनंदानें जाईल.

अंतराळवीराचें बोलणें भ्रमणध्वनीवर चित्रासह दिसतें, मग हा खटाटोप कशास, असें एका सुशिक्षित मातेनें आम्हांस विचारलें. भ्रमणध्वनीवर तें कोणीतरी ऐकून आपणांस पोहोंचवितो. ऐकणारा तो कोणीतरी व्हावा म्हणून आम्ही मुलांस गच्चीवर नेतों. शालान्त परीक्षेंत यास गुण नाहींत, हेंहि आम्ही मान्य करतों.

ज्यांनीं ५०० रुपये दिले होते त्या पालकांनीं ते परत घेतले नाहींत. "आतां काय कमी पडतं तें त्यांतून घ्या," असें म्हणाले. त्यांच्या पैशांतून केबल व जोडण्या आल्या, व उरलेले १४० रुपये मंडळाच्या वहींत त्यांच्या नांवें जमा आहेत. दुसरे एक पालक अजूनहि आमच्याशीं असहमत आहेत, आणि भेटले कीं नव्या यंत्राची चौकशी करतात. त्यांचा मुलगा बांबू धरण्यास सर्वांआधीं येतो.

पुढील सत्रांतहि मंडळ शनिवारीं सकाळीं आठ वाजतां गच्चीवर भरेल; पालकांनींहि यावें. विजेच्या तारांच्या बाजूस बांबू न्यावयाचा नाहीं, आणि आकाशांत ढग गरजूं लागले कीं सर्वांनीं तत्काळ खालीं उतरावयाचें, हे दोन नियम आहेत. डोक्यास टोपी असावी व पाण्याची बाटली ज्याची त्यानें आणावी.