धूर गाडीचा, दंड ड्रायव्हरला

आमच्या विभागातील एका मालधक्क्याचा पोचरस्ता गेली कित्येक वर्षे कच्चाच आहे. खताची रेक लागली की दिवसभर ट्रकांची ये-जा चालते आणि धुळीत पाच हातांवरचा हमाल दिसत नाही. तीच धूळ ट्रकचे इंजिनही ओढून घेते.

डिझेल जळायला भरपूर हवा लागते. एअर फिल्टरचा कागद धुळीने बुजला की हवा कमी पडते. जुन्या गाडीचा पंप मात्र पेडल दाबेल तेवढे डिझेल सोडीतच राहतो. अर्धवट जळलेले डिझेल काजळी होऊन सायलेन्सरातून बाहेर पडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड वाढतो. नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या हवा पाहून पेट्रोल कमी करतात, तेथे धुरापेक्षा ओढ कमी होते. पण धक्क्यावर येणारे ट्रक बहुतेक जुनेच.

मालक नवा फिल्टर वेळेवर देत नाही. मग ड्रायव्हर जुनाच फिल्टर टायरवर आपटतो, कॉम्प्रेसरची हवा मारतो. त्यात कागद फाटला तर धूळ थेट सिलिंडरात. रिंगा, लायनर झिजतात, ऑईल जळू लागते, काळ्याच्या जोडीला निळा धूर येतो. (काही महाभाग फिल्टर काढूनच ठेवतात. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही.)

आमच्याकडे रेल्वेचे डिझेल इंजिन काळा धूर ओकू लागले तर लोको पायलट बुकात नोंद करतो आणि शेड फिल्टर तपासते. लोको पायलटच्या खिशात कोणी हात घालीत नाही. रस्त्यावर उलटा न्याय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बंद. लायसन्स बंद म्हणजे चूल बंद. वास्तविक या कलमात गाडी चालविणाऱ्याबरोबर ती चालवू देणाराही येतो. पण हाती सापडतो तो स्टिअरिंगवरचा माणूस. पीयूसीचे यंत्र धूर मोजते, तो कशाने झाला हे विचारीत नाही.

रेल्वे युनियनला ट्रकवाल्यांचे काय, असे आम्हांला विचारले जाते. तो रस्ता रेल्वेचा आहे, म्हणून. शिवाय तीच धूळ आमचे पॉइंट्समन, मालबाबू आणि धक्क्यावरचे हमाल बंधू छातीत घेतात. ट्रकला निदान फिल्टर तरी आहे.

रस्ता काँक्रीटचा करा आणि तोवर रेक लागण्यापूर्वी पाण्याचा टँकर फिरवा, अशी मागणी आम्ही प्रशासनाकडे दोन बैठकांत केली. टँकर एकदा आला, साहेबांच्या तपासणीच्या दिवशी. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आम्ही पुन्हा घातला आहे. ट्रक ड्रायव्हर बंधूंनी धुरासाठी भरलेल्या चलनांच्या पावत्या तोपर्यंत युनियन कचेरीत आणून द्याव्यात.