घरचं माणूस दवाखान्यात, तर पगारी रजा मिळते का? कायदा काय सांगतो, समजून घ्या

अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, पेशंट भरती झाला की घरच्या एकाला खाटेजवळ थांबावंच लागतं. तो अकोल्याच्या दालमिलमध्ये किंवा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कामाला असेल, तर त्या दिवसांच्या पगाराचं काय?

घरच्यांच्या आजारपणासाठी वेगळी रजा आहे?
नाही. खासगी नोकरीत आई-वडील किंवा पत्नीच्या आजारपणासाठी स्वतंत्र पगारी रजेचा कायदा नाही. पितृत्व रजेचाही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना मात्र ती १५ दिवस मिळते. बाकीच्यांना स्वतःच्याच रजा वापराव्या लागतात.

दुकान-ऑफिसमध्ये किती रजा?
राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला ८ पगारी नैमित्तिक रजा आहेत. न घेतल्यास वर्षअखेर त्या बुडतात. वर्षात २४० दिवस काम केलं असेल, तर दर २० दिवसांमागे १ अर्जित रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठते. मुळात हा कायदा १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. ही मर्यादा २० करण्यास मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे फटका बसतो तो १२-१५ जणांच्या दुकानातल्या कामगाराला.

स्वतः आजारी पडलात तर?
पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयसी कापला जात असेल, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. पहिले दोन दिवस साधारणपणे धरले जात नाहीत.

बाळंतपणाची रजा किती?
पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवडे, त्यानंतर १२. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ईएसआयसीत वर्गणीची अट वेगळी आहे. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत.

आता काय कराल?
- पगार स्लिपवर ईएसआयसीची कपात आहे का, ते आजच बघा.
- रजा तोंडी मागू नका. अर्ज लिहून द्या, त्याची प्रत किंवा फोटो ठेवा.
- दवाखान्याचं भरती कार्ड आणि प्रमाणपत्र जपा.
- हक्काची रजा नाकारली, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार करा.

खाटेजवळ बसणाऱ्यासाठी कायद्यात आज जागा नाही. तोवर साठवलेली अर्जित रजा हाच त्याचा आधार.