शिक्षण वेगवेगळे, रुग्ण मात्र एकच

पक्षाघातातून सावरलेला रुग्ण आठवडाभराने घरी जायला निघतो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिलेल्या असतात. पाणी पिताना त्याला ठसका लागतो, हे रात्रपाळीच्या परिचारिकेने पाहिलेले असते. उजवा पाय अजून भार पेलत नाही, हे फिजिओथेरपिस्टला ठाऊक असते. पण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याच नाहीत, तर घरी गेल्यावर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो किंवा तोल जाऊन हाड मोडू शकते. प्रत्येकाने आपापले काम चोख करूनही रुग्णाचे नुकसान होते.

इथे ज्ञान कमी पडत नाही. कमी पडते ती एकमेकांना सांगण्या-विचारण्याची सवय. ती विद्यार्थिदशेतच लागावी, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये एक आराखडा मांडला. दोन किंवा अधिक आरोग्य व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे, ही त्यातली कल्पना. नुसते एका वर्गात बसून शरीररचनेचे व्याख्यान ऐकणे म्हणजे असे शिक्षण नव्हे.

स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाने हा प्रयोग १९८० च्या दशकातच सुरू केला. १९९६ पासून तिथे विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वॉर्डही चालू झाला. वैद्यकीय, नर्सिंग व फिजिओथेरपीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली रुग्णांची जबाबदारी मिळून घेतात. रुग्णाला कधी घरी सोडायचे, हे ठरवताना प्रत्येकाला आपले म्हणणे मांडावेच लागते.

संवादाचे मोल शस्त्रक्रियागृहातही दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीनुसार, चिरा देण्यापूर्वी चमूतील प्रत्येक जण आपले नाव आणि काम सांगतो. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. याचे सारे श्रेय ओळख करून देण्याला जात नाही. यादीत इतरही तपासण्या आहेत. पण ज्याने एकदा तोंड उघडले आहे, त्याला पुढे चूक दिसल्यास बोलणे सोपे जाते, हा त्यामागचा विचार आहे.

भारतातही २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने डॉक्टरकडून ‘आरोग्य चमूचा नेता आणि सदस्य’ होण्याची अपेक्षा ठेवली. प्रत्यक्षात नेता होण्याचा सराव आपोआप होतो, सदस्य होण्याचा होत नाही. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या शिक्षणाचे नियम वेगवेगळ्या नियामक संस्था ठरवतात. फिजिओथेरपीसारख्या शाखांसाठी २०२१ मध्ये, तर नर्सिंगसाठी २०२३ मध्ये नवे स्वतंत्र कायदे झाले. प्रत्येक व्यवसायाला मान मिळण्यासाठी ते आवश्यकच होते. पण या शाखांनी एकत्र शिकावे, हे पाहणे कोणा एकाचे काम उरत नाही.

महाराष्ट्रात मात्र एक सोय आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी या शाखांची महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. एकाच रुग्णाची योजना तीन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून आखायची आणि त्याचे गुण परीक्षेत धरायचे, एवढी सुरुवात इथे होऊ शकते. गुण नसलेला विषय विद्यार्थी गांभीर्याने घेत नाहीत, हे शिक्षक जाणतात.

या शिक्षणाबद्दल अवास्तव दावे करण्याचेही कारण नाही. कॉक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यात असे १५ अभ्यास तपासले गेले. काहींत रुग्णसेवा सुधारली, काहींत फरक पडला नाही. अभ्यास परस्परांपासून इतके भिन्न होते की ठाम निष्कर्ष काढता आला नाही. म्हणून आपल्याकडे सुरुवात करतानाच मोजमापही ठेवायला हवे. घरी सोडलेल्यांपैकी किती रुग्ण महिनाभरात पुन्हा दाखल झाले, त्यांच्या औषधांत किती चुका सापडल्या, हे नोंदवायला मोठा खर्च लागत नाही. ठसका लागणाऱ्या त्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर परिचारिकेचे निरीक्षणही उतरते का, हे त्यातूनच कळेल.