सतरा वर्षे प्रभारी

या वेळी आमच्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, मग विषयाकडे वळतो.

२०२२ सालच्या १२ मे रोजी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात परिचारिका दिनाचा कार्यक्रम झाला. कोरोनाच्या साथीत आपल्या ज्या लेकी-सुना वॉर्डात उभ्या राहिल्या, त्यांचा जाहीर सत्कार करावा असे मंडळाने ठरवले होते. यादी करायचे काम आमच्याकडे आले. आम्ही पडलो कारकून. यादी म्हटली की आम्हाला हुरूप येतो. घरोघर फिरून चौदा नावे लिहिली. कोण कोणत्या इस्पितळात, किती वर्षे नोकरी, सारे रकाने भरले. शाली आणल्या, पुष्पगुच्छ आणले. पाहुण्यांनी चाळीस मिनिटे भाषण केले. सगळे रीतसर चालले होते.

नवव्या क्रमांकाची मुलगी शाल खांद्यावर घेऊन माईकपाशी गेली आणि म्हणाली, "आमच्या ट्यूटर मॅडम मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना आधी वर बोलवा." चौदांपैकी सहाजणी त्या बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. बाई राहतात आमच्याच वस्तीत, तिसऱ्या गल्लीत. यादी हातात धरून आम्ही त्यांच्या दारावरून दोनदा गेलो होतो! आता त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती, गुच्छ नव्हता. शेवटी पाहुण्यांना दिलेला गुच्छ टेबलावरून उचलून त्यांच्या हाती दिला. तो प्रसंग आठवला की अजून मान खाली जाते.

पुढच्या रविवारी आम्ही ताईंच्या घरी माफी मागायला गेलो. त्या रागावल्या नाहीत. चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "भाऊ, कोण कुठं कामाला आहे, हे तुम्ही विचारलंत. कुणाला कुणी शिकवलं, हा रकाना तुमच्या यादीत नव्हताच."

सरकारी कागदात या पदाला पाठ्यनिर्देशिका म्हणतात. बोलण्यात सिस्टर ट्यूटर. वर्गात फळ्यापुढे शिकवणे हा त्यांच्या कामाचा लहान भाग. मुलीला वॉर्डात न्यायचे, तिच्या पाठीशी उभे राहायचे आणि तिचा हात पहिल्यांदा जिवंत माणसाच्या शिरेकडे जातो तेव्हा आपला हात मागे ठेवायचा. शाळेत गणित चुकले तर मास्तर लाल रेघ मारतात. इथे चुकले तर खाटेवरच्या माणसाला भोगावे लागते. शिकणारी मुलगी आणि पडलेला रोगी, दोघांची जबाबदारी एकाच वेळी अंगावर असते.

आपल्या किती तरी मुली मराठी शाळेतून या शिक्षणाला जातात. पुस्तके इंग्रजीत. त्यात सलाईनच्या थेंबांचे गणित आले की रडकुंडीला येतात. ताईंनी ते कसे शिकवले, ऐका. त्या विचारायच्या, "नळाला पाणी चार तास. पिंप तेवढ्या वेळात बरोबर भरलं पाहिजे. आधी भरून वाहायला नको, पाणी गेल्यावर अर्धं राहायला नको. तोटी किती सोडाल?" पाण्यासाठी पहाटे उठलेल्या मुलींना हे समजावून सांगावे लागत नाही. मग पिंपाच्या जागी बाटली. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे. नळीच्या सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. म्हणजे एकूण १०,००० थेंब. चार तासांची २४० मिनिटे. भागाकार केला की मिनिटाला साधारण ४२ थेंब. आम्ही बी.कॉम., आकडेमोडीत आयुष्य गेले, पण हिशेब असा कोणी आम्हाला शिकवला असता तर, असे मनात आलेच.

हे सगळे ताईंच्या वह्यांत लिहिलेले आहे. कोणत्या उदाहरणाने मुलींना समजले, कुठे पुन्हा अडल्या, मग काय बदलले, सगळे तारीखवार. या वह्यांच्या झेरॉक्स प्रती वर्षानुवर्षे मुलींच्या हाती फिरल्या. एकीवरही ताईंचे नाव नाही.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली एक अहवाल लिहिला. नवे शोधणे ही जशी विद्वत्ता आहे, तशीच शिकवणे हीही विद्वत्ता आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे तिकडच्या परिचर्या महाविद्यालयांत अध्यापकांचे काम जोखताना हा विचार धरला गेला. शिकवण्याची एखादी रीत काढावी, ती तपासावी, लिहून ठेवावी, दुसऱ्याला वापरता यावी. आमच्या मते तिसऱ्या गल्लीतल्या त्या वह्या या कसोटीला उतरतात.

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. त्यांचा हातातला दिवा सगळ्यांना माहीत आहे. क्रिमियाच्या युद्धातले त्यांचे काम १८५४ ते १८५६ एवढेच. मात्र १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावाने निघालेली परिचारिकांची शाळा पुढे जगभर नमुना ठरली. चित्रात दिवा येतो, शाळा येत नाही.

ताई परिचर्येचा इतिहासही शिकवत. त्यांनीच आम्हाला ॲडा थॉम्स या काळ्या बाईंची हकिकत सांगितली. पुढे आम्ही ती मुद्दाम वाचून काढली. न्यूयॉर्कमध्ये लिंकन इस्पितळ होते आणि त्याला जोडून काळ्या मुलींसाठी परिचारिकांची शाळा. थॉम्सबाई १९०५ साली तिथूनच शिकून बाहेर पडल्या. १९०६ पासून १९२३ पर्यंत शाळेची प्रमुख म्हणून काम त्यांनी केले, पण हुद्दा मिळाला नाही. रंग काळा म्हणून सतरा वर्षे त्या प्रभारी! कचेरीत काम केलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ फोडून सांगायला नको. जबाबदारी पूर्ण, खुर्ची उसनी.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते याच शहरात. त्याच वर्षांत तिथे ही बाई प्रभारी म्हणून मुली घडवत होती.

थॉम्सबाई नुसत्या सोसत बसल्या नाहीत. १९१७ साली त्यांनी आपल्या शाळेत सार्वजनिक आरोग्याच्या परिचर्येचा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या महायुद्धात काळ्या परिचारिकांना सैन्यात घ्यावे म्हणून त्या झगडल्या. १९१८ च्या डिसेंबरात, इन्फ्लुएंझाची साथ आल्यावर, अवघ्या अठरा जणींना घेतले गेले. साथ आली की दार किलकिले होते, हे तिकडेही तसेच. १९२९ साली त्यांनी काळ्या परिचारिकांचा इतिहास लिहिला. तोवर तो कोणी लिहिला नव्हता.

आता आमचा खरा मुद्दा. काळ्या परिचारिकांनी १९०८ सालीच स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली होती. तिने १९३६ साली स्वतःचा पुरस्कार सुरू केला आणि त्याला मेरी महोनी यांचे नाव दिले. त्या अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित काळ्या परिचारिका. ज्या इस्पितळात आधी स्वयंपाक आणि धुणी केली, तिथूनच १८७९ साली शिकून बाहेर पडल्या. या पुरस्काराचे पहिले पदक कोणाला मिळाले? ॲडा थॉम्स यांना. शाळेने जी पाटी दारावर लावली नाही, ती तिच्या लोकांनी पदकावर कोरली. ही संघटना १९५१ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशनमध्ये विलीन झाली आणि पुरस्कार पुढे त्या मोठ्या संस्थेने चालवला. आपल्याकडे नेमके उलटे होते. दुसऱ्याने आपल्याला काही द्यावे म्हणून आपण निवेदने देतो, आणि आपल्या गल्लीतले माणूस आपल्याला दिसत नाही. यात पहिला दोष आमचा.

आपल्या देशात केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे. शिक्षणाच्या कामात असलेल्या परिचारिकाही त्याला पात्र धरल्या आहेत. ही माहिती आपल्या नोकरीत असलेल्या ट्यूटर भगिनींनी कात्रण करून ठेवावी. मात्र असा अर्ज म्हटला की कागद आले, शिफारशी आल्या. दिवसभर वर्ग आणि वॉर्ड करून आलेली बाई हे सगळे केव्हा जुळवणार? कोणाला हवे असेल तर कागद लावून द्यायला आम्ही रविवारी मोकळे आहोत. तेवढे एक काम आम्हाला बरे जमते.

ताई स्वतः शेवटची चार वर्षे प्राचार्यांचा कार्यभार सांभाळून निवृत्त झाल्या, तोही प्रभारीच. कारणे वेगळी असतील. त्या त्याबद्दल बोलत नाहीत. आम्ही पुढच्या वर्षीच्या सत्काराचे काढले तर म्हणाल्या, "शाल नको. तीन पडल्यात ट्रंकेत. वह्या नीट टाईप करून देता येतील का?"

मंडळाने ते काम घेतले. सत्काराच्या यादीतही नवा रकाना आला: कोणी शिकवले. पहिल्याच फेरीत आणखी दोन ट्यूटर भगिनींची नावे निघाली, एक तर शेजारच्याच वस्तीतली.

पहिल्या वहीची अडतीस पाने टाईप झाली आहेत. सलाईनच्या पानावर ताईंनी लाल पेनाने खूण करून परत पाठवले: काही सेटला एका मिलिलिटरचे १५ थेंब असतात, लहान मुलांच्या मायक्रो सेटला ६०, तेव्हा पाकिटावरचा आकडा आधी वाचा, हे वाक्य सगळ्यात वर घ्या. आम्ही ते वर घेतले. मुखपृष्ठावर नाव घालू द्यायला मात्र त्या अजून तयार नाहीत. तेवढी जागा आम्ही कोरी ठेवली आहे.