पाऊस किती आणि ओल किती?

नागपूरच्या अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने देशाचे २० कृषी-पर्यावरणीय विभाग पाडले. त्यांतला पहिला विभाग लडाखच्या थंड वाळवंटाचा. तिथली जमीन उथळ, गोट्यांची. पिकाला पुरेल अशी ओल वर्षात ९० दिवसांहूनही कमी.

अंटार्क्टिकातील मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत हीच स्थिती टोकाला जाते. तिथे पडलेला बराचसा बर्फ वितळण्याआधीच वाफ होऊन उडतो. झिरपायला पाणीच नसल्याने क्षार मातीत साठत जातात. जमिनीखाली गोठलेलं पाणी असलं, तरी जिवाणूंच्या लेखी ते नसल्यासारखंच.

विदर्भालाही हे नवं नाही. काळ्या मातीतली चिकण काही पाणी इतकं घट्ट धरून ठेवते, की मुळांना ते ओढता येत नाही. ओल असून पऱ्हाटी सुकते. त्यामुळे हंगामाचा हिशेब केवळ पावसाच्या मिलिमीटरवर मांडणं अपुरं आहे. मुळांना मिळणारी ओल गावोगाव मोजली गेली पाहिजे. हा अंक त्याच आग्रहासाठी आहे.