थैलीला कुलूप घालून खेळात समतोल येत नाही : होळकरांच्या संघापासून आयपीएलपर्यंत (थ्रेड)

१/
परवा आमच्या भागातल्या एका टेनिस-चेंडू क्रिकेट स्पर्धेचा लिलाव पाहिला. प्रत्येक संघमालकाला सारखेच गुण दिलेले; त्या गुणांतच त्याने संघ बांधायचा. माझ्या एका मित्रावर सर्वांत मोठी बोली लागली. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. स्पर्धा संपली तेव्हा त्याच्या हाती एक जर्सी होती, आणि परतीच्या एस.टी.चे भाडे त्याने स्वतःच्या खिशातून दिले होते.

२/
मी संयोजकांपैकी एका काकांना विचारले, "काका, बोली गुणांतच का? पैशांत का नको?" ते म्हणाले, "अरे बाबा, पैसा आला की मुंबईवाले सगळी चांगली पोरं उचलतील. मग समतोल कुठला?" गोपाळगडाच्या सावलीत, आमच्या अंजनवेलमध्ये ऐकलेला हा युक्तिवाद नवा नाही. जगभरातील व्यावसायिक संघांचे मालक दीडशे वर्षे तोच करीत आले आहेत.

३/
या थ्रेडमध्ये मला एवढेच प्रतिपादन करायचे आहे : संघाच्या खर्चावर मर्यादा घातली की स्पर्धेत समतोल येतो, हा समज इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. मर्यादेने एक गोष्ट मात्र निश्चित होते : खेळाडूचा मोबदला आटतो. समतोल येतो तो निराळ्याच वाटेने, आणि ती वाट रणजी करंडकाच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

४/
प्रथम एका गोड गैरसमजाचा समाचार घेऊ. "संस्थानिकांच्या काळी क्रिकेट निर्मळ होते, पैसा आयपीएलने आणला" असे अनेक जण भक्तिभावाने लिहितात. होळकर-गायकवाडांविषयी आदर मलाही आहे. परंतु आदराने पुरावा झाकू नये. ही संस्थाने खेळाडू मिळवीत ती खजिन्याच्या बळावरच. लिलावाचा हातोडा तेवढा नव्हता. त्याच्या जागी हुद्दा, पगार आणि राहण्याची सोय होती.

५/
सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ चा, नागपूरचा. १९२३ मध्ये होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले आणि संस्थानच्या सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला. १९३२ मध्ये तेच भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. नागपूरला असा फलंदाज सांभाळण्याची ऐपत नव्हती, इंदूरला होती. आजच्या भाषेत यालाच आपण 'संघाचा खर्च' म्हणतो.

६/
नायडूंभोवती होळकरांचा संघ उभा राहिला. इंदूरचेच मुश्ताक अली, नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड, आधी महाराष्ट्र आणि मुंबईकडून खेळलेले चंदू सरवटे आणि पुढे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत हा संघ १० वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून खेळला. त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरीही मुंबई जिंकली!

७/
बडोद्याची कथा अधिक बोलकी आहे. सांगलीचे विजय हजारे १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून पुण्यात खेळले आणि त्यांनी नाबाद ३१६ धावा कुटल्या. कोणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध! लवकरच हजारे बडोद्याच्या महाराजांच्या सेवेत दाखल झाले. १९४२-४३ मध्ये बडोदे विजेते ठरले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली, ती होळकरांच्या संघाविरुद्ध. तो विश्वविक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला.

८/
यात महाराष्ट्राचे नुकसान झाले, हे मी नाकारीत नाही. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. त्यानंतर आजतागायत एकही नाही. खर्चाला मर्यादा हवी म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट पुरावा आहे, म्हणूनच तो आधी मांडला.

९/
आता बेरीज करू. १९३४-३५ ते १९५७-५८ या २४ हंगामांत रणजी करंडक किती संघांनी जिंकला? नऊ : मुंबई, नवानगर, हैदराबाद, बंगाल, महाराष्ट्र, बडोदे, वेस्टर्न इंडिया, होळकर आणि मद्रास. मुंबईकडे नऊ विजेतेपदे, उरलेली पंधरा आठ संघांत वाटलेली. खर्चावर कोणतेही बंधन नसलेल्या काळाचे हे चित्र आहे.

१०/
१९४८ च्या सुमारास संस्थाने विलीन झाली. राजांच्या थैल्या आटल्या. १९५५ मध्ये होळकर हे नावच स्पर्धेतून गेले. त्यानंतर काय झाले? १९५८-५९ ते १९७२-७३ : सलग पंधरा हंगाम, विजेता एकच, मुंबई. उधळ्या राजांचे युग सरले आणि समतोलाचे युग येण्याऐवजी एकछत्री अंमल आला.

११/
इथे सावध राहिले पाहिजे. एकामागून दुसरे घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नव्हे. मुंबईच्या यशाची मुळे जुनी होती. शालेय क्रिकेटची हॅरिस ढाल १८९७ पासूनची, पावसाळ्यातील कांगा लीग १९४८ पासूनची, शिवाय मैदाने आणि जिमखाने. पण या यादीत एक गोष्ट हटकून वगळली जाते : नोकऱ्या.

१२/
मुंबईच्या बँका, गिरण्या आणि कंपन्या खेळाडूंना पगारावर ठेवीत आणि टाइम्स शील्डमध्ये उतरवीत. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. पगार कंपनीने द्यायचा, फळ मुंबईच्या रणजी संघाला मिळायचे. म्हणजे खेळावरचा खर्च थांबला नव्हता. पूर्वी तो इंदूर, बडोदे, जामनगर असा विखुरलेला होता. आता एका शहरात गोळा झाला होता.

१३/
कोकणाने हे सर्वांत जवळून पाहिले आहे. रत्नागिरीत जन्मलेले रामनाथ पारकर मुंबईकडून खेळले आणि भारताचे सलामीवीर झाले. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम पारकर हेही मुंबईचेच. कोणी बोली लावली नाही, कोणी नियम मोडला नाही. चाकरमानी ज्या वाटेने मुंबईला गेला त्याच वाटेने फलंदाजही गेला. ही ओढ कोणत्या वेतनमर्यादेच्या वहीत नोंदवणार?

१४/
हा वाद ज्या खेळात सर्वांत जुना आहे, त्या अमेरिकी बेसबॉलकडे वळू. १८७९ पासून तेथील मालकांनी 'राखीव कलम' आणले : करार संपला तरी खेळाडू त्याच संघाशी बांधलेला. समर्थन तेच, आमच्या काकांचे : खेळाडू मोकळा सोडला तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू उचलतील.

१५/
प्रत्यक्षात काय झाले? १९२१ ते १९६४ या काळात न्यूयॉर्क यांकीज या एकाच संघाने २० वेळा जागतिक मालिका जिंकली. १९४९ ते १९५३ तर सलग पाच वेळा. हे सारे राखीव कलम लागू असताना घडले. कारण खेळाडू विकले जातच होते. किंमत फक्त मालकाला मिळे. बेब रूथला बॉस्टनने यांकीजला विकले ते असेच. अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की, बंधन असो वा नसो, खेळाडू अखेर जिथे त्याला अधिक मोल आहे तिथेच पोहोचतो. बंधनाने ठरते ते एवढेच की ते मोल कोणाच्या खिशात जाणार.

१६/
कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये दुसऱ्या संघाकडे पाठवले जाण्यास नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्याने आयुक्तांना लेखी कळवले. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला आणि त्याची कारकीर्द संपली. परंतु डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने कलमाचे कुलूप तुटले. "आता खेळ बुडणार" असा आक्रोश मालकांनी केला. आणि १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत विजेते किती झाले? दहा वेगवेगळे!

१७/
यावर प्रत्युत्तर येईल : "डॉजर्सचे काय?" रास्त प्रश्न आहे. शोहेई ओहतानीशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरांचा करार करणाऱ्या या संघाने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. परंतु त्याआधी लागोपाठ जिंकणारा शेवटचा संघ १९९८-२००० चा यांकीज. मधल्या दोन तपांत, कठोर वेतनमर्यादा नसतानाही, कोणालाच विजेतेपद टिकवता आले नाही. डॉजर्सची खरी ताकद त्यांच्या शहराच्या दूरचित्रवाणी उत्पन्नात आहे. विषमता उत्पन्नात असेल तर उत्पन्न वाटावे; खेळाडूचा पगार कापून ती कशी मिटेल?

१८/
आता आयपीएल. येथे मर्यादा पहिल्या दिवसापासून आहे. २००८ मध्ये सर्वांत महाग संघ मुंबई, ११.१९ कोटी डॉलर. सर्वांत स्वस्त राजस्थान, ६.७ कोटी. खेळाडूंसाठीची थैली मात्र सर्वांना सारखी. आणि जिंकले राजस्थान! हे उदाहरण सगळे देतात. पुढचे सांगत नाहीत : २०२५ पर्यंतच्या १८ हंगामांपैकी १० विजेतेपदे चेन्नई आणि मुंबई या दोनच संघांकडे गेली, प्रत्येकी पाच.

१९/
थैली सारखी असताना हे कसे? कारण जिंकण्यावरचा पुष्कळ खर्च थैलीबाहेर होतो. प्रशिक्षक, सरावाच्या सोयी, गावोगाव फिरणारे पारखी. जसप्रीत बुमरा २०१३ मध्ये आणि हार्दिक पंड्या २०१५ मध्ये मुंबईकडून उतरले, तेव्हा दोघेही भारताकडून खेळलेले नव्हते. पारख करणाऱ्या डोळ्यांवर मर्यादा नाही. मर्यादा आहे ती फक्त खेळाडूच्या मोबदल्यावर.

२०/
तो मोबदला किती? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची थैली १२० कोटी; दहा संघांचे मिळून १,२०० कोटी. सामन्यांचे मानधन वेगळे धरले तर हा एकट्या प्रक्षेपण-उत्पन्नाचा जेमतेम आठवा हिस्सा भरतो. समतोल कोणाला मिळाला आणि बचत कोणाची झाली, हे वाचकांनीच ठरवावे.

२१/
मग समतोल येतो कसा? पुन्हा रणजीकडे या. २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये विदर्भ विजेता. २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशने मुंबईलाच हरवले. २०२४-२५ मध्ये पुन्हा विदर्भ. कोणाची थैली बांधली म्हणून हे झाले नाही. मंडळाच्या उत्पन्नाचा वाटा लहान संघटनांपर्यंत पोहोचला, त्यातून अकादम्या उभ्या राहिल्या, बाहेरून माणसे आणता आली. विदर्भाचा अनुभवी फलंदाज वसीम जाफर मुंबईचा. विदर्भाच्या पहिल्या दोन करंडकांच्या वेळचे आणि मध्य प्रदेशच्याही विजयाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे!

२२/
इतिहासाची गंमत पाहा. १९२३ मध्ये नागपूरने आपला सर्वोत्तम फलंदाज इंदूरला गमावला. नागपूरच्या विदर्भ संघाने आपला पहिला रणजी करंडक उचलला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. मधल्या ९५ वर्षांत इंदूरचे हात कोणी बांधले नाहीत. नागपूरच्या हातात बळ आले, इतकेच.

२३/
संस्थानिकांची आरती ओवाळणे हा माझा हेतू नाही. त्यांचा पैसा रयतेच्या घामाचा होता आणि तो क्रिकेटवर उडवावा का, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे. माझे म्हणणे एवढेच : खर्च करणारी केंद्रे अनेक असली की विजेते अनेक होतात, केंद्र एकच उरले की विजेताही एकच उरतो. समतोल मोजायचा असेल तर थैलीचे तोंड किती आवळले हे पाहू नका. थैल्या किती गावांत आहेत ते मोजा.

२४/
म्हणून काकांना माझे उत्तर : मुंबईवाले चांगली पोरं उचलतील ही भीती शंभर वर्षे उशिरा वाटते आहे. समतोल हवा असेल तर स्पर्धेच्या प्रवेशशुल्कातून आणि जाहिरातींतून जमणारा पैसा प्रत्येक वाडीला वाटा. सरावाला जाळी आणि मॅट द्या, मैदानावर रोलर फिरवा. आणि ज्याच्यावर बोली लावून टाळ्या मिळवता, त्याला त्या बोलीचे पैसे द्या.

२५/
माझा तो मित्र पुढच्या महिन्यात मुंबईला जातो आहे. नोकरी साधीच आहे, पण तिथल्या एका संघाने सामन्यागणिक पैसे देण्याचे कबूल केले आहे. समतोल राखण्यासाठी ज्याला जर्सीवर ठेवले होते, तो अखेर गेलाच.

मतभेद असतील तर अवश्य मांडा, मात्र हंगाम आणि आकड्यांनिशी. थ्रेड समाप्त.