थर्माकोलचा ज्वालामुखी आणि वीतभर नांगर



आज एक चूक कबूल करायची आहे. चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी पहिला नंबर थर्माकोलच्या ज्वालामुखीला दिला. रंग छान, सोडा-व्हिनेगरचा फेस छान. तो दुकानातून तयार आणलाय हे मलाही दिसत होतं. शेजारच्या बाकावर चौथीतल्या एका मुलीने वीतभर लाकडी नांगर ठेवला होता. आजोबांनी तासून दिलेला. फाळ पत्र्याचा, जू काढता-घालता येणारं. मी शेरा लिहिला, ‘सजावट कमी.’ प्रदर्शन संपलं, वर्ग रिकामा केला आणि थर्माकोलबरोबर तो नांगरही कचऱ्यात गेला.

पुढच्या वर्षी शेतीची अवजारं शिकवत होते. हळस म्हणजे काय, रुमणं म्हणजे काय, एकालाही सांगता येईना. आमच्या मावळात भातशेती आहे, पण खाचरात आता पॉवर टिलर फिरतो. मुलांनी लाकडी नांगर पाहिलाच नाही तर सांगणार काय? तेव्हा मला तो वीतभर नांगर आठवला. चित्र काढून शिकवलं, पण जू कसं बसतं ते चित्रात कळत नाही हो.

अशी चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. अमेरिकेत 1790 पासून 1880 पर्यंत पेटंट हवं असेल तर साधारणपणे अर्जासोबत यंत्राचं छोटं मॉडेल द्यावं लागे. मॉडेल लांबी, रुंदी, उंचीला 12 इंचांच्या आत बसायला हवं. अब्राहम लिंकन यांनीही 1849 मध्ये उथळ पाण्यात अडकलेल्या बोटी वर उचलण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं, त्याचंही लाकडी मॉडेल होतं. 1836 आणि 1877 च्या आगींत हजारो मॉडेल्स जळाली. उरलेल्यांतली बरीच पुढे सरकारनेच विकून टाकली. ठेवायचा त्रास नको, म्हणून. आज संग्राहक तीच शोधत फिरतात. डेलावेअर राज्यातल्या हॅग्ली संग्रहालयात अशी सुमारे 5,000 मॉडेल्स जपून ठेवली आहेत.

त्याच काळात तिकडचे फिरते विक्रेते नांगर, शेगडी, कापणीयंत्र यांचे छोटे नमुने पेटीत घालून गावोगाव फिरत. अख्खं यंत्र कोण उचलून नेणार? शेतकरी नमुन्याचा दांडा फिरवून बघायचा, पटलं तर मोठ्या यंत्राची ऑर्डर द्यायचा. नुसता दिसायला सुंदर नमुना काय कामाचा? तो चालायला हवा. खेळणं आणि नमुना यांत फरक आहे तो इथेच.

आपल्याकडेही असं जपणारा माणूस होऊन गेला. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. आज तिथे 20,000 च्या आसपास वस्तू आहेत. मुलांना एकदा जरूर न्या.

तेवढं लांब जमत नसेल तर आमच्या कार्ल्याची लेणी चढा. चैत्यगृहात शिरण्याआधी ओसरीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती मुलांना दाखवा. खाली हत्ती, वर मजल्यावर मजले, कमानी, कठडे. त्या काळच्या लाकडी इमारतींची ही दगडातली छोटी रूपं. खऱ्या इमारती केव्हाच गेल्या. त्या कशा दिसत असतील याचा अंदाज आपल्याला या छोट्या रूपांवरून येतो. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नावही कोरलेलं आहे. आम्ही मात्र आमच्या मुलीच्या आजोबांचं नाव साध्या चिठ्ठीवरही लिहिलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, प्रदर्शनात विकतच्या मॉडेलला नंबर देऊ नये. गुण देताना दोनच प्रश्न विचारावेत. हे चालतं का? आणि मूल स्वतः हात लावून सांगतं का? तिसरं म्हणजे, निवडक मॉडेल्स शाळेच्या कपाटात ठेवावीत. कोणी केलं, कशाचं केलं, खरी वस्तू कशी वापरतात, एवढी चिठ्ठी सोबत हवी.

‘शाळेत जागा कुठे आहे?’ असं म्हणाल. मग तोच 12 इंचांचा नियम लावू या. मुलाच्या फूटपट्टीत मावेल एवढंच मॉडेल. पालक म्हणतील, ‘आम्हाला वेळ नाही.’ खरं आहे, कामावरून थकून आलेल्या आईबापांवर आणखी एक काम टाकू नये. पुठ्ठा, काड्या, दोरा घेऊन कार्यानुभवाच्या तासाला शाळेतच करून घेऊ. वाकडंतिकडं होईना का!

मागच्या महिन्यात मी त्या मुलीच्या घरी गेले. आजोबांची माफी मागितली आणि आणखी एक नांगर करून द्याल का, असं विचारलं. ते हसून म्हणाले, “बाई, आता हात कापतो. लाकूड देतो, सांगतो, पण तासंल ती.”

ती तासतेय. हळस थोडी तिरकी झालीये. कपाटातला पहिला खण मी रिकामा करून ठेवलाय.

तुमच्या शाळेच्या पहिल्या खणात काय ठेवाल?